दुप्पट की शून्य?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, हे उचितच झाले. तरी प्रश्न उरतो : या खेळांत नेमके वाईट काय?

मानखुर्दमध्ये आम्ही मटक्याचे दिवस पाहिले आहेत. आकडा दिवसातून दोनदा फुटे, ओपन आणि क्लोज. मधल्या वेळात माणूस शुद्धीवर येण्याचा संभव असे. मोबाइलवरील कॅसिनो ती उसंत देत नाही. दहा रुपये जिंकताच तो विचारतो : लाल की काळा? ओळखले तर दुप्पट, चुकले तर शून्य. यात लबाडी असेलच असे नाही. संधी खरोखर निम्मी असली, तरी लागोपाठ पाचदा दुप्पट करू पाहणाऱ्या बत्तिसांतून सरासरी एकालाच ३२० रुपये मिळतात. एकतीस जण रिकाम्या हाताने उठतात. बोनसची तऱ्हा निराळी. हजाराच्या ‘भेटी’ला तीस पटींची अट असली, तर ३०,००० रुपयांचे डाव खेळल्यावाचून ती हाती येत नाही. हिला भेट म्हणावे काय?

कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ (१९९२, परिच्छेद २४१३) असे खेळ मुळातच अन्यायकारक मानत नाही. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे हिरावले गेले, की ते त्याज्य ठरतात. मटक्यात जिंकलेला निदान वाण्याची उधारी फेडी. येथे जिंकलेले दहा रुपये उंबऱ्यापर्यंतही पोचत नाहीत.