राहण्याजोगे घर आणि विकण्याजोगे घर

भुसावळच्या उन्हाला आजवर कोणी चांगले म्हटले नव्हते. हल्ली मात्र त्याचे गोडवे गायले जातात. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024मध्ये आली, 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि कॉलन्यांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल दिसू लागली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावरून चाललेल्या चर्चेबद्दल. बिल शून्यावर आले की घर स्वयंपूर्ण झाले, उद्या वाड्यावस्त्याही अशाच स्वयंपूर्ण होतील, बँका तर विनातारण कर्ज द्यायला बसल्याच आहेत, असे व्यासपीठांवरून बिनदिक्कत सांगितले जाते. या योजनेची एक मूळ अट चालू वीजजोडणीची आहे. मीटर नाही तर अनुदान नाही आणि योजनेतले कर्जही नाही. तारेला आधीच जोडलेल्या घराचे कौतुक होते. जे घर खरोखरच तारेबाहेर आहे ते हिशेबातच नाही.

अशी घरे पाहायला फार लांब जावे लागत नाही. भुसावळशेजारी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत, जोडीला 660 मेगावॅटचा नवा. तरीही तापी ओलांडून यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात शिरले की मळ्यात राहणारी कुटुंबे भेटतात. काहींकडे शेतीपंपाची जोडणी असते, घराची नसते. आणखी उत्तरेला सातपुड्यात पावरा आणि तडवींचे पाडे लागतात. 2017च्या सौभाग्य योजनेने दुर्गम घरांना 200 ते 300 वॅटचे सौरसंच देऊ केले: पाच दिवे, एक पंखा, एक प्लग. उजेडाची निकड त्याने भागली. पण भिंती पक्क्या करायच्या, पाण्याची टाकी बांधायची, फ्रिज आणि कूलर चालेल एवढी बॅटरी बसवायची, तर पैसा लागतो. घरकुल योजनेचे 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, आणि त्यावर बँकेने द्यावेत अशी अपेक्षा असलेले 70 हजार, एवढ्यात ते बसत नाही. मग माणूस गृहकर्ज मागायला जातो.

तिथे त्याला एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा आणि लाइट बिल मागितले जाते. गंमत अशी की त्याचे घर बेकायदा असतेच असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 41व्या कलमानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधता येते, आणि शेतघरात कुटुंबाचे राहणे धरलेले आहे. शहरालगत काही बंधने आहेत, एवढेच. म्हणजे राज्याचा कायदा त्याला राहू देतो, बँक मात्र त्याच्या घराला घर मानत नाही. याचे एक मोठे कारण 2002च्या सरफेसी कायद्यात आहे. हप्ते थकले की 60 दिवसांची नोटीस देऊन, कोर्टाची पायरी न चढता, घर ताब्यात घेण्याचा अधिकार या कायद्याने बँकांना दिला. आणि त्याच कायद्याच्या 31व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली. आजच्या गृहकर्जाची सारी घाई आणि सारा स्वस्तपणा या एका अधिकारावर उभा आहे असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. पण थोडेच.

म्हणून मी एक भेद करतो, आणि तो केल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही असे मला वाटते. राहण्याजोगे घर वेगळे आणि विकण्याजोगे घर वेगळे. शहरात ही दोन्ही घरे बहुधा एकाच चौकटीत नांदतात, त्यामुळे त्यांतला फरक कळत नाही. मळ्यात आणि पाड्यावर ती वेगळी होतात. आपली गृहकर्जव्यवस्था फक्त दुसऱ्या घराला ओळखते.

यावर एक ठाम उत्तर तयार असते: कागद द्या, कर्ज मागोमाग येईल. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांनी 2000 साली ‘द मिस्टरी ऑफ कॅपिटल’मध्ये हा विचार जगभर पोचवला. गरिबांकडे घरे आहेत, पण मालकीचे कागद नाहीत, म्हणून ती संपत्ती निपचित पडून राहते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेली स्वामित्व योजना त्याच वळणाची आहे. ड्रोनने गावठाण मोजायचे, मिळकतपत्रिका द्यायची, तिच्यावर कर्ज मिळेल असे सांगायचे. हा विचार वरवर इतका सरळ दिसतो की त्याचा समाचार नीटच घ्यायला हवा.

पहिली गोष्ट, स्वामित्वची मोजणी गावठाणाची आहे. मळा गावठाणात नसतो. संहितेच्या 42-ड कलमाने गावठाणालगतच्या 200 मीटरच्या पट्ट्याला सवलत दिली, मळ्यातले घर त्याच्याही पलीकडे असते.

दुसरी गोष्ट, समजा कागद मिळाला. बँकेचा पुढचा प्रश्न असतो, हे घर घेणार कोण? केळीच्या बागेमधल्या, दुसऱ्याच्या बांधावरून वाट असलेल्या घराला एकच गिऱ्हाईक, शेजारचा शेतकरी. तो जमिनीचा भाव करील, घराचा करणार नाही. कागदाने मालक सिद्ध होतो, गिऱ्हाईक निर्माण होत नाही. डी सोटोंच्या अनुयायांची गाडी नेमकी इथे अडते, आणि ते इथे थांबतच नाहीत.

तिसरी गोष्ट पाड्यांची. वनहक्क कायदा 2006चा आहे, आणि त्याने मिळालेला हक्क वारसाने जातो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासींच्या खासगी जमिनीलाही संहितेच्या 36 आणि 36-अ कलमांचे कुंपण आहे. कागदवाद्यांना प्रामाणिक राहायचे तर त्यांनी ही कुंपणे काढा असे उघड म्हणावे. मग त्यांना शहादा-तळोद्याची आठवण करून द्यावी लागेल. कर्जापायी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना का उभी राहिली, आणि 1974मध्ये जमिनी परत देण्याचा कायदा का करावा लागला, हे खानदेशात तरी सांगायला नको. विकण्याजोगी जमीन कोणाकडे जाते, याचा प्रयोग इथे होऊन गेलेला आहे.

चौथी गोष्ट बँकांची. भूविकास बँकांनी शेतजमिनी गहाण ठेवूनच दीर्घ मुदतीची कर्जे दिली. तारण होते, तरी बँका बुडाल्या. शेवटी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 34,788 शेतकऱ्यांची सुमारे 964 कोटींची थकबाकी माफ केली. तारण म्हणजे वसुली, हे समीकरण आपल्याच राज्याने खोटे ठरवले आहे.

बाकीची मते थोडक्यात आटोपता येतील. तारेबाहेर राहण्यात निसर्गाशी एकरूपता पाहणारे बहुधा शनिवार-रविवारी राहतात. बँका निर्दयी आहेत म्हणणाऱ्यांनी ठेवीदारांच्या पैशाचे काय, ते सांगावे.

मग कर्ज कशाच्या भरवशावर द्यायचे? याचे उत्तर जळगाव जिल्ह्याला वर्षानुवर्षे ठाऊक आहे. ठिबकला, पाइपलाइनला, विहिरीला बँका कर्ज देतात. जमिनीत गेलेली पाइपलाइन उकरून कोण विकत घेणार? विहीर तर उचलूनही नेता येत नाही. सातबारावर बोजा चढतो हे खरे, पण कर्जाचा निर्णय होतो तो पाणी, पीक आणि मागचा व्यवहार पाहून. आणि परतफेड पीक हाती येण्याच्या वेळेशी जुळवता येते. जानेवारी 2025पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणही लागत नाही. कर्नाटकात तर 2003 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीने कॅनरा आणि सिंडिकेट बँकांनी घरगुती सौरसंचांना सवलतीच्या व्याजाने कर्जे दिली. ते कर्ज संचासाठी होते. घर विकले जाईल की नाही, हा प्रश्न तिथे मुख्य नव्हता.

ही वाट महाग आहे, हे मान्य. व्याज गृहकर्जापेक्षा जास्त राहील, मुदत 20 वर्षांची नसेल, बॅटरी मुदतीआधीच बदलावी लागेल, आणि कर्जमाफीच्या घोषणांनी ऐपत असलेलाही हप्ता थांबवतो. तरीही राहण्याजोग्या घराला कर्ज हवे असेल तर ते राहणाऱ्याच्या कमाईवर द्यावे लागेल, त्याला घराबाहेर काढण्याच्या अधिकारावर नाही. घर, टाकी आणि सौरसंच यांचे एकच कर्ज, केळीच्या किंवा कापसाच्या हंगामाला बांधलेला हप्ता, आणि लाइट बिलाऐवजी ग्रामपंचायतीचा रहिवास दाखला, एवढे जिल्हा सहकारी आणि ग्रामीण बँकांना आज करता येईल. अक्षय ऊर्जेसाठी घरगुती ग्राहकाला दिलेले 10 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज रिझर्व्ह बँक अग्रक्रम क्षेत्रात धरते. त्यात तिने मीटरची अट घातलेली नाही. ती बँकांनीही घालू नये.