वाचले ते कुठे गेले?

घरातच कचेरी थाटली. मेज उत्तरेच्या खिडकीशी ओढले, दाराला वाळ्याचा पडदा लावला, पाठकोऱ्या कागदांवर लिहू लागलो. विजेचे बिल उतरले. मी ऐटीत म्हणालो, "पृथ्वी वाचली, पैसेही वाचले! आता त्यांतून शीतयंत्र घेऊ." सौभाग्यवती नुसती हसली.

ते हसणे मनात घेऊनच आमच्या संभाजीनगरच्या पाणचक्कीवर गेलो. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेले पाणी तिथे जाते फिरवी, हौद भरी, हौदाखालचे दालन गार ठेवी. एका पाण्याची तीन कामे. पीठ मात्र फकिरांना, यात्रेकरूंना!

वाचवलेले आपल्याच हव्यासाच्या पोटात गेले, तर वाचले काय?

घरी आलो. शीतयंत्राचे दरपत्रक पाठकोरे निघाले. हा लेख त्यावरच लिहिला आहे.