स्थळ पाहताना

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यासाठी घर शोधायला लागलं की लवकरच लक्षात येतं, या कामाची भाषा थेट लग्नाच्या बाजारातली आहे. फोटो मागतात. वय विचारतात. ‘जात’ विचारतात, आणि ‘गावठी’ म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरते. नर की मादी हा प्रश्न तर ठरलेलाच. मादी म्हटलं की ‘घरी विचारून सांगतो’, आणि मग फोन येत नाही. माझ्याकडे असलेली कुत्री गावठी, मादी, वर्षभराची, आणि मागचा एक पाय गाडीखाली मोडून आखूड झालेली. तरीही रत्नागिरीत दोन महिन्यांत तिला तीन स्थळं आली. त्यांतून निवड करताना जे प्रश्न पडले ते कुत्र्यापुरते राहिले नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आतापर्यंत घरून काम होतं, जानेवारीपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचंय. तिथे राहायचं ते भाड्याच्या खोलीत, आणि मालकाची पहिली अट ‘कुत्रं-मांजर चालणार नाही’. इथे आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबांचे गुडघे गेलेले. दिवसातून तीनदा लंगड्या कुत्रीला खाली-वर नेणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. म्हणून शोध.

सगळ्यात सोपा सल्ला होता, ‘होती तिथे सोड परत.’ तो वाटतो तेवढा निर्दय नाही. आपला कायदा बराच काळ जवळपास हेच सांगत आलाय. २००१ च्या आणि मग २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा गाभा हाच आहे: पकडा, नसबंदी करा, लस द्या, आणि उचललं होतं तिथेच सोडा. २०२३ चे नियम अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हणतात. म्हणजे गल्ली हेच त्यांचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितली, तेव्हा देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो आदेश बदलला आणि रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची परत सोडायला सांगितली. पण ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवायची आणि परत तिथे सोडायची नाहीत असं ठरलं. आमची कुत्री एसटी स्टँडवरची. म्हणजे तिचं घर मोडलं होतं पाय मोडल्यामुळे, आणि आता ते कागदोपत्रीही उरलं नाही.

या भांडणात नवीन काही नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रज सरकारच्या हुकुमाने पोलीस मोकाट कुत्री मारत सुटले, तेव्हा फोर्ट भागातले पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, मृतदेहावर त्याची नजर पडणं हा अंत्यविधीचा भाग असतो. ती कुत्री त्यांच्यापैकी कुणाच्या मालकीची नव्हती. तरी ‘आमची’ होती. मालकी नसलेलं आपलेपण ही गोष्ट आपल्या शहरांत जुनी आहे, आणि तिला चावे आणि रेबीज ही दुसरी बाजू आहे हेही तितकंच जुनं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. ज्या आईच्या मुलाला कुत्रं चावलंय तिला माझं श्वानप्रेम ऐकवायची माझी हिंमत नाही.

मग मी तिला परत का सोडू नये? स्टँडवर नाही तर मिरकरवाड्याला, बंदरावर. मासळी असते, उपाशी मरणार नाही. अनेक जण पिल्लांचं पोतं तिकडेच नेऊन रिकामं करतात. माझं उत्तर असं की आधीची ती आणि आताची ती यांत फरक पडलाय, आणि तो मी पाडलाय. दोन महिने वेळेवर खाणं मिळालेली, रात्री दार बंद झाल्यावर निर्धास्त झोपायला शिकलेली कुत्री गाड्यांना आणि दुसऱ्या कुत्र्यांना पूर्वीसारखी बिचकत नाही. तिचं अंगभूत शहाणपण मी काढून घेतलं. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे: ज्याने कोडला शेवटचा हात लावला, ते त्याचं. आधीचा घोळ कुणाचाही असो. न उचलणं हा एक निर्णय होता, त्याबद्दल फार तर कठोर म्हणता आलं असतं. उचलून सोडणं हा निराळा निर्णय आहे.

महाभारताने हा फरक नेमका ओळखलाय असं मला वाटतं. शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा आहे, इंद्र म्हणतो कुत्र्याला प्रवेश नाही, आणि युधिष्ठिर आत जायला नकार देतो. ही गोष्ट आपण प्राणिप्रेमाची म्हणून सांगतो. पण युधिष्ठिराचं कारण प्रेम हे नाहीच. आश्रयाला आलेल्याला, आपल्यावर विसंबलेल्याला टाकणं हे पाप, एवढाच त्याचा मुद्दा आहे. तो कुत्र्यांसाठी अन्नछत्र उघडत नाही. जो इथवर सोबत चालत आला त्याला टाकत नाही, बस. आणि आदिपर्वाच्या सुरुवातीलाही एक कुत्रं आहे: जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या पिल्लाला मारतात, आणि त्याची आई सरमा येऊन विचारते की काही अपराध नसताना का मारलंत. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दोन टोकांना दोन कुत्री. एकाबाबत प्रश्न आहे इजा न करण्याचा, दुसऱ्याबाबत टाकून न देण्याचा. पहिलं कर्तव्य सगळ्या कुत्र्यांबाबत असतं. दुसरं एखाद्याच्याच बाबतीत येतं, पण आलं की त्यातून सुटका नाही.

परंपरेने कुत्र्याला उंबऱ्याच्या आत मात्र घेतलं नाही. वैश्वदेवात कुत्र्याचा घास आहे, पण तो बाहेर जमिनीवर ठेवायचा. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कारण कोरडी पोळी त्याला टोचेल. गोष्ट सुंदर आहे, पण तीही रस्त्यावर घडते आणि रस्त्यावरच संपते. घास देणं आणि घर देणं यांत अंतर आहे. घासाला उद्याचं बंधन नसतं.

एक मित्र हिशेबी आहे, आणि त्याचा हिशेब खोडता येत नाही. तो म्हणाला, एकीच्या पायावर, औषधावर, खाण्यावर जेवढे पैसे गेले तेवढ्यात कितीतरी माद्यांची नसबंदी झाली असती. शंभर पिल्लं जन्मालाच आली नसती, कुणी गाडीखाली गेलं नसतं. खरं आहे. दत्तक देण्याने भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटत नाही. तो सुटला तर नसबंदीने, लसीकरणाने आणि कचरा उचलल्याने सुटेल. पैसे देण्याआधी त्याने हा हिशेब सांगितला असता तर मी विचार केला असता. पण आता त्या हिशेबात तिला कुठल्या रकान्यात टाकायचं? ‘बुडीत खर्च’ म्हणून? धोरण आकड्यांचं असावं, त्यात माझं दुमत नाही. वचन मात्र आकड्यांचं नसतं. शंभरांचं भलं होतंय म्हणून एकीला दिलेला शब्द आपोआप रद्द होत नाही.

तर तीन स्थळं. पहिलं, पावसच्या बाजूला आंब्याची बाग. राखणीला कुत्रं हवं होतं, वानरांचा उच्छाद आहे. गृहस्थ चांगले, मोकळी जागा, खायला भरपूर. दुसरं, पुण्याचं तरुण जोडपं, दोघंही नोकरीला, घरात कॅमेरा, फॉर्म भरून, प्रश्नांची उत्तरं पाठ असल्यासारखी. तिसरं, मांडवीच्या मासे विकणाऱ्या एक मावशी. कौलारू घर, कंपाउंड नाही, फॉर्म नाही.

बागेचं स्थळ अनेकांनी परस्पर बाद केलं: ‘कामाला लावणार!’ मला ते पटलं नाही. कुत्रं माणसाजवळ राहून काम करतच आलंय. खटकली ती दुसरीच गोष्ट. ‘पावसाळ्यात कुठे असते ती?’ या प्रश्नाला उत्तर आलं, ‘असतात की इकडेतिकडे.’ जूनमध्ये आंबा संपतो, राखणदार गावी जातात, बागेत उरतं कुत्रं आणि बिबट्या. तत्त्वज्ञ कांट व्याख्यानांत म्हणायचा की म्हाताऱ्या, निरुपयोगी झालेल्या कुत्र्याला गोळी घालणारा माणूस कुत्र्याबद्दलचं कर्तव्य चुकवत नाही, तसं कर्तव्य नसतंच. तो आपल्यातली माणुसकी बिघडवतो. पहिला भाग मला मान्य नाही. काम घेतलं की देणं लागतं, ते ज्याच्याकडून घेतलं त्याचंच लागतं, आणि ते सीझनबरोबर संपत नाही.

पुण्याचं जोडपं कागदावर सर्वांत उजवं होतं. पण दिवसाचे दहा तास ती एकटी, आणि ‘परदेशात संधी आली तर?’ यावर ‘तेव्हा बघू’. त्यात मला मीच दिसलो. आमच्या पिढीचं आयुष्य ‘तेव्हा बघू’वर चालतं. त्यात दोष नाही, पण त्यावर दुसऱ्या जिवाचं घर बांधता येत नाही.

मावशींकडे मी दोनदा गेलो. आधीची तीन कुत्री कशी गेली ते त्यांनी विचारल्यावर सांगितलं, प्रत्येकाचं नाव, आजार, कुठे पुरलं. एक चौदा वर्षं जगलं. ‘तुम्ही कुठे बाहेरगावी गेलात तर?’ मी विचारलं. ‘अरे बाळा, मी कुठे जाणार? आणि गेले तर शेजारीण आहे, तिचीही आहेच ती.’ कुंपण नाही, रस्ता जवळ, हे धोके खरे आहेत. नसबंदी झालीय, कानाला खाच आहे, लस मी दरवर्षी देणार असं ठरलं.

मी ती मावशींना दिली. माझं कारण साधं आहे. कुत्रं टाकून देणाऱ्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. कायद्याचा धाक हा इतकाच. म्हणजे माणूस टाकणार नाही याची हमी फॉर्मवर मिळत नाही, ती त्याने आधी कुणाला टाकलं नाही यावरूनच समजते. जागा, पैसे, माहिती या सगळ्या गोष्टी नंतर पुरवता येतात. ही एक येत नाही.

मग घर म्हणजे काय? कोकणात घरांची कमी नाही. मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूप लावलेली, नुकताच रंग दिलेली शेकडो घरं उभी आहेत, आणि त्यांच्या पडव्यांत कुत्री झोपतात. त्यांना आपण बेघर म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. संध्याकाळी ती आली नाही तर जिथे कुणीतरी बाहेर येऊन हाक मारेल, ते घर. जानेवारीत मी ज्या खोलीत राहायला जाणार आहे, तिला ही व्याख्या लावून बघायचं धाडस मी अजून केलेलं नाही.