कोरडा राहिलेला कोपरा

होळी झाली की ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत सकाळी सकाळी कूलर उघडले जातात. कुणी टाकी घासतं, कुणी जाळीतली जुनी घास उपसून टाकतं. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लू सुटते, तेव्हा ही तयारी मार्चमध्येच झालेली बरी. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि त्यातून शहराचा लष्कर हा भाग वसला. त्यांच्यासोबत आलेल्या मराठी घरांना या उन्हाशी जमवून घ्यावं लागलं. खिडकीत वाळ्याचा ओला पडदा हा तेव्हाचा उपाय. आजचा कूलर त्याच तत्त्वावर चालतो. १ लिटर पाण्याची वाफ होताना ते साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता हवेतून घेतं, म्हणजे विजेच्या दोन-तृतीयांश युनिटाएवढी. हवा जितकी कोरडी, तितकं हे काम झपाट्यानं होतं. म्हणून मेमध्ये गारवा देणारा तोच कूलर जुलैत चिकचिकाट करतो. त्यात त्याचा दोष नसतो.

एवढं कळलं की घरातल्या एका नेहमीच्या तक्रारीकडे आपण वेगळ्या नजरेनं पाहू लागतो. ‘कूलर गरम हवा फेकतोय’ असं म्हणून आपण मोटरला बोल लावतो, महिनाभर कुरकुरतो, मग नवा घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. पण जाळी काढून घासेवर हात फिरवून पाहावा. पुष्कळदा एखादा कोपरा कोरडा ठणठणीत सापडतो. पाणी वरच्या पट्टीतल्या बारीक भोकांतून झिरपतं. क्षार साचून त्यातली काही बुजतात आणि त्या कोरड्या जागेतून बाहेरची गरम हवा जशीच्या तशी आत शिरते. एक टाचणी, थोडा व्हिनेगर आणि पंपाची जाळी धुऊन काढणं, एवढंच काम असतं. टाकीतलं पाणीही मधूनमधून पूर्ण बदलावं, कारण वाफ होते ती पाण्याची; क्षार मागेच राहतात आणि दिवसागणिक घट्ट होत जातात. आणि समोरची खिडकी उघडी आहे ना, ते आधी पाहावं. दमट झालेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर उत्तम कूलरही हरतो.

मला या कामांबद्दल मनापासून वाटतं ते असं, की त्यांत वाचणारे पैसे ही दुय्यम गोष्ट आहे. गळक्या नळाचा वायसर काही रुपयांचा. पण सेकंदाला एक थेंब धरला, तरी दिवसाला चारेक लिटर पाणी जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या टपटपीची आपल्याला सवय होते. मग न लागणारं दार, कुरकुरणारा पंखा, वाफ सोडणारा कुकर, साऱ्यांचीच सवय होते. ज्या वस्तूंवर घर चालतं, त्यांच्याकडे पाहणंच आपण सोडून देतो. सकाळची शांत दहा मिनिटं एका बिघाडाला दिली, नुसतं पाहिलं आणि ऐकलं, तरी ती वस्तू पुन्हा ओळखीची होते.

टाकीतला तरंगता गोळाच बघा. पाणी चढलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो. ना वीज, ना माणूस. पाण्याच्या पातळीनंच पाण्यावर ताबा ठेवायचा, ही कल्पना अभियंते विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याच्या खडकवासला धरणाच्या दरवाजांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली. ठरावीक पातळी गाठली की आपोआप उघडणारे ते दरवाजे पुढे आमच्या तिघरा धरणावरही बसले. ग्वाल्हेरच्या नळांना पाणी तिघऱ्याचंच. गोळ्यावरचा क्षार खरवडताना मला ही आठवण फार आनंद देते.

विजेच्या बाबतीत मात्र भीती बाळगावीच. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे त्रिकूट जीवघेणं आहे. पिन सॉकेटमधून काढल्याखेरीज ना हात घालायचा, ना पाणी भरायचं. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. पिन काढून पातं हातानं फिरवावं. मोकळं फिरत असेल आणि तरीही चालू केल्यावर मोटर नुसती घूं घूं करत असेल, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो बंद मोटरमध्येही वीज धरून ठेवू शकतो. अर्थिंग, जळका वास, गॅसची नळी, इथे मिस्त्रीलाच बोलवावं.

पण तो आल्यावर चहा ठेवून आत निघून जाऊ नये. शेजारी उभं राहावं आणि विचारावं, भैया, हे का जळलं? बहुतेक मिस्त्री हातातलं काम थांबवून जळका भाग उजेडात धरतात, झिजलेली जागा बोटानं दाखवतात, आणि यंदाच्या उन्हाळ्यात आणखी काय दगा देईल तेही सांगून जातात.