हिचं तिकीट पूर्ण पडायचं

माझ्या हिशेबाच्या वहीत ‘किरकोळ’ नावाचा एक रकाना आहे. गेल्या आठवड्यात जुनी पानं चाळताना ध्यानात आलं, की या रकान्यात सगळे माझेच खर्च आहेत. हायवेच्या कडेचा चहा, पान, मित्राबरोबर खाल्लेली भजी, दिवाळी अंक. हिच्या खर्चाला मात्र नाव आहे, तारीख आहे. ‘हिला चप्पल 350.’ ‘हिचं माहेरी जाणं-येणं, फळं धरून 410.’ अकरा वर्षं मी ही वही लिहितोय आणि हे मला आत्ता दिसलं. दिसलं नव्हतं, की बघायचंच नव्हतं?

मी मोडनिंबचा. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1956. आमच्या पिढीत ही तारीख असलेले ढिगानं सापडतील. आईबापाला नक्की दिवस सांगता आला नाही की गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. त्या तारखेनं मला 31 मे 2014 ला घरी बसवलं, आणि त्याच तारखेनं जून 2021 मध्ये पासष्ट पूर्ण करून एसटीचं अर्धं तिकीट मिळवून दिलं.

त्या अर्ध्या तिकिटाचा आनंद मला किती झाला, हे सांगायला आज लाज वाटते. लहानपणी बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीनं आईबरोबर पंढरपूरला जायचो. बारा पुरी झाली होती, तरी आई कानात सांगायची, ‘विचारलं तर अकरा म्हण.’ तेव्हा वय चोरलं, आता कंडक्टरनं मागायच्या आधीच आधार कार्ड पुढं करतो. मोडनिंबच्या स्टँडवर साध्या गाडीसाठी तास-दीड तास बसून राहायचं, मधे आलेल्या वडापला हातानं नको म्हणायचं आणि पंढरपुरात उतरताना वीस-पंचवीस रुपये वाचले म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचं. दीड तासाची किंमत वहीत कुठं लिहायची? तसा रकाना नाही.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येईल. खरं सांगायचं आहे ते पुढंच.

त्या वर्षी मी दर महिन्याच्या एकादशीला पंढरपूरला जाऊ लागलो. एकटाच. पहिल्याच वेळी ही म्हणाली, ‘मी बी येते की.’ मी म्हणालो, ‘तुझं पूर्ण पडतं. पुढच्या वेळी बघू.’ ती तेव्हा एकसष्ट वर्षांची, म्हणजे एसटीच्या दृष्टीनं अजून तरुण. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तिला हिशेब समजावून सांगितला. माझं एक धरलं तर तुझे दोन. दोघं गेलो तर माझ्या एकट्याच्या तिप्पट. गणितात चूक नव्हती. तिनं मान डोलावली आणि डबा भरून दिला. ती पुढची वेळ आलीच नाही.

आता मागचं आठवतं आणि बरंच अवघड होतं. रेल्वेत हिशेब उलटा होता. साठ झालेल्या पुरुषाला 40 टक्के सवलत आणि अठ्ठावन्न झालेल्या बाईला 50 टक्के. ही 2018 मध्ये अठ्ठावन्नची झाली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तिचं तिकीट माझ्यापेक्षा स्वस्त होतं. काशीला जायचं आमचं लग्नापासूनचं बोलणं. गावाला स्टेशन आहे, अर्ध्या-पाऊण तासावर कुर्डुवाडीचं जंक्शन आहे. गेलो का? नाही. तेव्हा कारण पैशाचं नव्हतं; गुडघे होते, तूर काढायची होती, मुलाचं बिऱ्हाड हलवायचं होतं. मग 20 मार्च 2020 ला रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत बंद केली, ती अजून सुरू केलेली नाही. तेव्हापासून कट्ट्यावर या अन्यायावर सगळ्यात मोठा आवाज माझा असतो. तक्रार रास्तच आहे, आजही तसंच वाटतं. पण जी सवलत असताना मी काशीचं एक तिकीट काढलं नाही, तिच्यासाठी एवढं घसा फोडून बोलायचा मला अधिकार किती?

मग 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. हिनंच बातमी वाचून दाखवली. माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य मला नीट आठवतं: ‘आता गाडीत बसायला जागा मिळायची नाही.’ तिनं पेपरची घडी घातली. काही बोलली नाही. माझं गणित एका दिवसात निकामी झालं होतं, आणि पुढच्या एकादशीला मी पुन्हा एकटाच गेलो. आता तर कारणही सांगितलं नाही. म्हणजे तिकीट हे कारण कधी नव्हतंच का? एकट्यानं जाणं मला आवडत होतं? खिडकीची जागा, चंद्रभागेच्या वाळवंटात कुणी ‘चला आता’ न म्हणता बसणं, हे हवं होतं? असेल. त्यात गुन्हा नाही. पण मग ‘मला एकट्याला जायचंय’ एवढं साधं वाक्य सांगायला मी पैशाला का पुढं केलं?

ती पुढं भजनी मंडळातल्या बायकांबरोबर जाऊ लागली. बार्शीच्या भगवंताला, तुळजापूरला, अक्कलकोटला. विचारून नाही, सांगून. ‘उद्या सकाळच्या गाडीनं जाणार, भाकरी करून ठेवते.’ पहिल्यांदा ती अशी गेली त्या दिवशी मी घरात चिडून बसलो होतो. मला राग कशाचा आला हे शोधायला बराच वेळ लागला. पैसे तर तिनं वाचवलेच होते. राग होता तो याचा, की तिच्या जाण्या-न जाण्याची किल्ली माझ्याकडं उरली नव्हती.

ही किल्ली आणखी कुठं कुठं अडकवून ठेवली आहे, ते बघायला लागलो. निवृत्तीचे पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेव्हा व्याज 9.2 टक्के होतं. 2020 च्या एप्रिलपासून नव्या ठेवीला 7.4 झालं, आता 8.2 आहे. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारा. दर तिमाहीचं व्याज जमा झालं की नाही, हे बघायला मी पोस्टात जातो. 2020 मध्ये हिची साठ पूर्ण झाली, तिच्या नावानं वेगळं खातं उघडता आलं असतं. मी म्हणालो, ‘कशाला दोन ठिकाणी हेलपाटे?’ वारस म्हणून नाव तिचंच आहे, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगतो. म्हणजे माझ्या पैशावर तिचा हक्क मी मान्य केलाय, फक्त तो मी मेल्यावर सुरू होणार.

आणि बाहेर? माझा एक दोस्त साखर कारखान्यातून निवृत्त झाला. त्याला ईपीएस-95 ची पेन्शन. तिची किमान रक्कम 2014 च्या सप्टेंबरपासून महिना 1000 रुपये आहे, आणि त्याची त्याहून फार वर नाही. मला पेन्शनबरोबर महागाई भत्ताही मिळतो. तरी व्याज उतरलं, औषधं महागली, हे रडगाणं मी त्याच्यासमोर गायलो, आणि तो समजूत घालत होता. ‘तुला किती पडते रे?’ असं त्यानं एकदा विचारलं, तर मी आकडा कमी सांगितला. त्या दिवशीच्या चहाचे पैसे त्यानं दिले. मी देऊ दिले.

स्वतःची बाजू एकदाच मांडतो. भीती आहे, आणि ती खोटी नाही. मुलगा पुण्यात घराचे हप्ते भरतोय. उद्या दवाखान्याचं मोठं बिल आलं तर त्याच्यापुढं हात पसरायचा नाही, म्हणून धरून राहायचं. पैसे जपणं मला चूक वाटत नाही, आजही नाही. पण ही भीती माझ्या भज्यांच्या वेळी कुठं जाते? ती हिच्या तिकिटाशीच कशी जागी होते? एवढं विचारलं की माझ्या काटकसरीतला निम्मा भाग गळून पडतो. उरलेला निम्मा खरा असावा. असावा म्हणतो, कारण हा हिशेबही मीच केलेला आहे.

या महिन्यात एक केलं. वहीतला ‘किरकोळ’ रकाना खोडून तिथं ‘माझे’ असं लिहिलं. महिन्याची बेरीज हिच्या नावच्या खर्चापेक्षा जास्त आली. ते पान तिला दाखवायचं अजून धाडस झालेलं नाही.

परवा जेवताना तीच म्हणाली, ‘आम्ही गाणगापूरला चाललोय. अहो, येता का? नाही तर बायका-बायका जातो.’ मी हो म्हणालो. म्हणालो खरा, पण घास गिळायच्या आत डोक्यात आकडेमोड सुरू झाली होती. गाणगापूर कर्नाटकात. आपली सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. पलीकडं तिथल्या बायका 2023 च्या जूनपासून त्यांच्या सरकारी गाडीत फुकट बसतात, आपल्या बायकांना पैसे पडतात. हे मी तिला सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘हद्दीपर्यंत अर्धं, पुढं पूर्ण. तुमचंही.’