‘रि’ म्हणजे पुन्हा?

इंग्रजी शिकवताना आम्ही शिक्षक मुलांना एक सोय करून देतो. शब्दाच्या सुरुवातीला आर-ई दिसलं की अर्थ ‘पुन्हा’. रिपीट, रिव्हिजन, रिचार्ज. मुलं खूश होतात. एक किल्ली हाती आली की शंभर कुलुपं उघडल्यासारखी वाटतात. मोहन्यात शिकवायला लागल्यावर मात्र ही किल्ली मला नकोशी झाली.

इथे रेयॉनचा कारखाना होता. लोक त्याला एनआरसीच म्हणतात. आंबिवली स्टेशनपासून मोहन्यापर्यंतची कितीतरी घरं त्याच्या पाळ्यांवर उठायची, जेवायची. 2009 मध्ये तो बंद पडला. अशा गावात आर-ईचे वेगळेच शब्द घरोघरी ठाऊक असतात: रिटायर, रिलीव्ह, रिझाइन, रिट्रेंचमेंट. यांतल्या एकाचाही अर्थ ‘पुन्हा’ लावून लागत नाही. वर्गात एका मुलाने रिझाइनचा अर्थ ‘पुन्हा सही करणे’ असा सांगितला. बाकीची मुलं हसली, मला हसू आलं नाही. त्याने माझाच नियम पाळला होता. शिवाय तो पुरता चुकलाही नव्हता. मध्ये छोटी रेघ देऊन लिहिलं, तर री-साइन म्हणजे खरंच पुन्हा सही करणे. रेघ पुसली की तीच अक्षरं नोकरी सोडायला सांगतात.

लॅटिनमधून आलेल्या या उपसर्गात ‘पुन्हा’ आहे तसं ‘मागे’ही आहे. रिटायरमध्ये मागे ओढून घेणं आहे. रिट्रेंचच्या मुळाशी फ्रेंचमधलं कापणं. रेड, रेडी, रीच यांत तर उपसर्गच नाही. आपल्याकडेही बेकार, बेघरमधला फारसी ‘बे’ बेसनात नसतो, पण हे मराठी पोराला कुणी शिकवावं लागत नाही. अख्खा शब्द घरात ऐकतच ते मोठं झालेलं असतं. इंग्रजी शब्द मात्र आम्ही त्याच्या हाती तुकड्यातुकड्याने देतो, आणि पहिल्या तुकड्यावरच त्याची समजूत होऊन बसते.

या शब्दांत माणसांचा पैसा अडकलेला असतो. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात रिट्रेंचमेंट झालेल्या, म्हणजे मालकाने कपातीत काढलेल्या कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून ठरवून दिला होता. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला ही भरपाई नव्हती. मराठीतल्या राजीनाम्यात ‘राजी’ उघड दिसतं, त्यामुळे मनातून राजी नसलेला माणूस तो लिहिताना निदान अडखळतो. रिझाइन या शब्दात त्याला थांबवणारं काहीच नाही.

आंबिवली, शहाड, टिटवाळ्याच्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: नववीच्या वर्गात रिझाइन आणि रिट्रेंच हे दोन शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. वीस वर्षं काम केलेल्या माणसासाठी त्या दोहोंतलं अंतर 300 दिवसांच्या पगाराइतकं होतं.