निग्रह की अनुग्रह?

भाद्रपदाच्या आधी पेणच्या कारखान्यांतून ओळीने मांडलेल्या गणेशमूर्ती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ठाऊक असते की रंग चढला, आखणी करणाऱ्या कारागिराने श्वास रोखून बारीक कुंचल्याने डोळ्यांत बुबुळे भरली, तरीही ती मूर्ती अजून मालच असते. तिची घासाघीस होते, ती पेंढ्यात बसवून टेम्पोत चढवली जाते. पुढे तीच मूर्ती आमच्या निडी गावातल्या एखाद्या घरी पाटावर बसते, भटजी तिच्या हृदयाला हात लावून प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतात, आणि मातीचा कणही इकडचा तिकडे न होता तिथे देव येतो. जे घडते ते ध्वनीने घडते. मीमांसकांनी तर देवतेला शरीरच नाकारले आणि तिचे अस्तित्व मंत्रातल्या शब्दापुरते ठेवले. हे मत भाविकाला मानवणारे नाही, मलाही पुरतेपणी मानवत नाही, परंतु पौराणिक चित्रपट पाहताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ १९१९ चा. आरंभी पडद्यावर येते ती त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी, आणि ती नुसते मुखावरचे भाव करून दाखवते. ही आमची मुलगी, हिच्याकडून आम्ही कृष्णाचे काम करवून घेतले आहे, असा जणू रोखठोक दाखलाच फाळके आधी हजर करतात, आणि मग तीच पोर यमुनेच्या डोहात उडी घेते. चित्र मूक. अशा मूकपटांना संगीत पुरवायचे ते पडद्याशेजारी बसलेल्या पेटीवाल्याने आणि तबलजीने. त्यामुळे चित्रफीत एक असली तरी तिचे संगीत गावागणिक, प्रसंगी खेळागणिक निराळे होई.

आता मुद्दा असा की पडद्यावर दिसते ते एवढेच : फणा आणि तिच्यावर एका बालकाचे पाय. हा पराक्रम, हे क्रौर्य की ही कृपा, याचा फैसला चित्र करीत नाही. तबला द्रुत लयीत गेला की आपल्या पोराने विखारी शत्रू लोळवला म्हणून प्रेक्षक शिट्या मारतील. तिथेच कुणी करुण सुरावट धरली तर सगळी सहानुभूती घायाळ जनावराकडे जाऊन कृष्णच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील. भागवताच्या दशम स्कंधात या दोहोंहून वेगळी बाजू नागपत्नी मांडतात. पतीच्या प्राणांसाठी पदर पसरून आलेल्या त्या स्त्रिया आपल्या कैफियतीत शिक्षा अन्यायाची आहे असे कुठेही म्हणत नाहीत. हा दंड हाच आमच्यावरचा अनुग्रह, असे त्या म्हणतात, आणि कृष्ण कालियाला न मारता रमणक द्वीपाकडे जाण्याची आज्ञा करतो. निग्रह आणि अनुग्रह यांत भेद नाही, हा एवढा मोठा सिद्धांत मुक्या चित्राने कसा सांगावा? तो संगीतानेच सांगायचा, आणि ते काम सोपे नाही, कारण भरतमुनींनी वीर, रौद्र आणि अद्भुत या तिन्ही रसांना षड्ज आणि ऋषभ हे एकच स्वर नेमून दिले आहेत. देवाचा चमत्कार आणि देवाचा कोप यांच्यामधली हद्द स्वरांच्या नकाशावर इतकी पुसट आहे!

संगीत बदलले की चित्राचा अर्थ बदलतो, हा अनुभव अद्भुतरम्य चित्रपटांच्या बाबतीत परक्या मुलुखातही आला आहे. रिडले स्कॉट यांचा ‘लेजंड’ (१९८५) युरोपात जेरी गोल्डस्मिथ यांच्या वाद्यवृंदासह झळकला, अमेरिकेत त्याला टँजरीन ड्रीम या मंडळींचे विद्युत्-वाद्यांचे संगीत जोडले गेले, आणि दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी दोन निराळी अरण्ये पाहिली.

यावर कुणी म्हणेल की भक्ती जर पेटीवाल्याच्या बोटांवर अवलंबून असेल तर ती खोटी. मला हा आक्षेप मान्य नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) शांताराम आठवले यांनी लिहिलेला आणि केशवराव भोळे यांनी स्वरबद्ध केलेला अभंग लोकांनी खुद्द तुकोबांचा म्हणून हृदयाशी धरला. कर्तृत्वाचा कागद चुकीचा होता म्हणून त्यांच्या डोळ्यांतले पाणी खोटे ठरत नाही. साधन मानवी असते, हे मूर्तिपूजकाला शिकवायला नको. मात्र साधनाची जोखीम मोठी आहे. मंत्र चुकला तर भटजी प्रायश्चित्त सांगतात. पार्श्वसंगीत चुकले तर बिघडते ते प्रेक्षकाच्या मनातले दैवत, आणि त्याबद्दल कुणी जाबही विचारत नाही.

म्हणून जुन्या मूकपटांना नव्याने संगीत देणाऱ्या मंडळींना एक विनंती. वाद्ये जुळवण्यापूर्वी दशम स्कंधाचा सोळावा अध्याय एकदा वाचावा, आणि कालियाच्या बायका हात जोडून उभ्या राहतील तेव्हा तरी पखवाज थांबवावा.